सुटं घेणारे सर

आर्णीत मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचे, ते सर किराणा आणायला निघाले की सगळ्या गल्लीला कळायचं. स्कूटरच्या हँडलला दोन्ही बाजूंनी स्टीलचे डबे, पायाशी पितळी गंज म्हणजे पातेलं, मागच्या सीटवर सुतळीनं बांधलेली दह्याची बरणी. प्रत्येक खड्ड्यात हा संसार वाजायचा, आणि आमच्या गल्लीत खड्डे कमी नव्हते.

दुकानात त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. समोर कुठलीही वस्तू आली की ती उलटीसुलटी करून, चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, "याच्यात सरकारचं किती?"

साबण असो, बिस्किटाचा पुडा असो, मोबाइलचा रिचार्ज असो, प्रश्न एकच. किराणावाला सुरुवातीला सांगायचा. पुढं पुढं तो नुसता हात जोडायचा. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली असायची, त्यांतली एक मी असायची, आणि माझा तास सुरू व्हायला थोडीच मिनिटं उरलेली असायची.

सर हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यावर जन्मलेले, त्या तांड्यातले पहिले नोकरदार. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू दोघंच, आणि पुढच्या दोन खोल्यांत मी. मी बाभुळगावची. कॉलेजात भूगोल शिकवायला आर्णीला आले होते, तासांवर. म्हणजे जितके तास घेतले तितके पैसे, आणि सुट्ट्यांत काहीच नाही. घर बघायला गेले तेव्हा भाड्याच्या आधी सरांनी विचारलं होतं, "मॅडम, तुमी आटा कोणता खाता?"

मला वाटलं, जेवणाखाण्याचे नियम असतील. म्हटलं, "पाकिटातला."

सर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, जसं काही मी घरात कुत्रं बांधणार असल्याचं सांगितलंय. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ना. पोरगी एकटी हाय, दळणाले कवा जाईन?" काकूंमुळे खोली मिळाली. भाडं वाजवी होतं. बाकीची किंमत पुढं कळत गेली.

झालं असं होतं की मी आर्णीला येण्याच्या थोडं आधी पॅकबंद आटा, डाळ, तांदूळ, दही, गूळ, मुरमुरे या सगळ्यांवर शेकडा पाच कर लागला होता. त्याआधी सर, काकूंच्या सांगण्यावरून कळतं, साधे गृहस्थ होते. पेपर वाचायचे, दुपारी झोपायचे. ती बातमी वाचली आणि झोप उडाली. सुट्या धान्याला कर नाही, छापील पाकिटाला आहे, एवढं त्यांनी नीट समजून घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात छापील पाकीट आलं नाही. दात घासायला राख आणि मीठ. अंगाला साबणाऐवजी बेसन. त्यामुळे सर सकाळी अकरा वाजेपर्यंत जवळून गेले की भज्यांची आठवण व्हायची.

त्यांनी स्वतःपुरतं हे केलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण नागरिकशास्त्राचा शिक्षक स्वतःपुरतं काही करू शकत नाही. ते माझ्या कचऱ्याच्या डब्यात बघायचे. उघड बघायचे, लपून नाही. नूडल्सचं पाकीट काढून ओट्यावर ठेवायचे आणि मी कॉलेजातून आले की त्याच्यावर बोट ठेवून विचारायचे, "याच्यात सरकारचं किती?"

एकदा मी चिडून म्हटलं, "सर, चक्की सहाला बंद होते. मी साडेसहाला येते. लाइट गेली तर ती दिवसभर बंद. पाकिटामागे दोन-तीन रुपये जास्त गेले तर गेले. त्याच्यासाठी मी तास बुडवू का?"

"तुमचे दोन रुपये नाई म्हणून राह्यलो मी, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "पंचवीस किलोच्या वरतचा कट्टा घेतला त कर नाई. किलोभर पाकीट घेतलं त कर हाय. आता मले सांगा, कट्टा कोण घेते आणि किलोभर कोण घेते?"

सरांच्या बाबतीत सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट हीच होती. त्यांचं म्हणणं चुकीचं नसायचं. ते ज्या ठिकाणी, ज्या वेळी आणि ज्याला सांगायचे, ते चुकायचं.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न होतं. मला काकूंबरोबर नेलं होतं. मंगल कार्यालय मोठं, जेवण चांगलं. मुलीचा बाप स्वतः पंक्तीत फिरून आग्रह करत होता. तो सरांपाशी आला, वाकून पाया पडला, आणि सरांनी विचारलं, "हॉलच्या भाड्यात सरकारचं किती लागलं रे?"

तो हसला. म्हणाला, "सर, ते बिल अजून यायचं हाय."

"शेकडा अठरा लागते," सर म्हणाले. "केटरिंगचं वेगळं. डेकोरेशनवाल्याचं वेगळं. त्यानं बोलला तो भाव कर धरून का कर सोडून?"

त्या माणसाच्या हातात जिलबीचं ताट होतं. तो तसाच उभा राहिला. त्यानं विचारलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नंतर विदाईपर्यंत तो कार्यालयाच्या मॅनेजरच्या टेबलापाशी दिसला. मुलगी गाडीत बसली तेव्हाही त्याचं लक्ष धड तिच्याकडे नव्हतं. परत येताना काकू ऑटोत एकच वाक्य बोलल्या, "लग्नात तरी तोंड बंद ठेवाचं होतं." सर म्हणाले, "म्या त्याले सावध केलं."

काकूंचं एकूण बोलणंच कमी. सरांनी डबे भरून आणलेलं सुटं धान्य स्वयंपाकघरात पोचलं की पुढचं सगळं काकूंकडे. गव्हातले खडे, डाळीतली माती, मुरमुऱ्यातला कचरा. दळण डोक्यावर घेऊन चक्कीवर जाणं, वाट बघणं, आणणं, चाळणं. दही रोज विरजणं, कारण बाहेरचं दही बंद. बरण्या, डबे, गंज धुणं, वाळवणं. मी एकदा म्हटलं, "काकू, तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगून पाह्यलं वं," त्या म्हणाल्या. "मी एक बोलली की ते तासभर बोलते. तेवढ्यात माहे गहू निवडून होते."

सरांबरोबर मी एकदा त्यांच्या तांड्यावर गेले होते. त्यांच्या मोठ्या भावाची विधवा बायको तिथं राहत होती. सरांना लहानपणी तिनंच वाढवलेलं, त्यामुळे वहिनी असूनही ते तिला याडी म्हणत, म्हणजे आई. दोघं आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत होते, मला फारसं समजत नव्हतं. पण विषय समजला, कारण सर सारखे समोरच्या टपरीकडे हात दाखवत होते. टपरीला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, चहापत्तीच्या पुड्यांच्या माळा, दहा रुपयांचे बिस्किटांचे पुडे, पावकिलोची डाळीची पाकिटं. तांड्याचा सगळा किराणा त्या माळांतून यायचा.

सर तिला कट्ट्याचा हिशेब समजावत असणार. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मॅडम, तुमी सांगा यायले. कट्टा सवस्त पडते, ते मले बी समजते. पण कट्ट्याले एकाच दिवशी पैसे लागते ना. मी लोकाइच्या वावरात निंदणाले जातो, सांजच्याले रोजी भेटते. तेवढ्याचं मी आणतो. उद्याचं उद्या आणतो."

सरांनी स्कूटर काढली. परत येताना स्कूटरवर पूर्ण रस्ताभर काही बोलले नाहीत. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हा विषय एकदाचा संपला.

विषय संपला नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या ओसरीत तीस किलो तांदळाचा कट्टा येऊन पडला, त्याच्या शेजारी तुरीच्या डाळीचा. सरांनी आपल्या पेन्शनमधून घेतलेले. योजना अशी की गल्लीतली पाच घरं मिळून कट्टा घेणार, प्रत्येकानं आपल्याला लागेल तसं आठवड्याला न्यायचं, कर कोणालाच नाही. सहावा वाटा तांड्यावर याडीला, तो सर स्वतः पोचवणार. कट्टे माझ्या ओसरीत ठेवले, कारण मागच्या ओसरीत उंदीर होते. माझ्याही ओसरीत होते, पण ते सरांना मान्य नव्हतं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मग शेजारच्या कंपाउंडरच्या बायकोनं हरकत घेतली. "सर, वरचे सबन दाणे मास्तरीणबाईले गेले अन मले खालची कणी देऊन राह्यले तुमी."

मास्तरीणबाई म्हणजे पलीकडच्या घरातल्या शिक्षिका; त्यांनी हे कुंपणापलीकडून ऐकलं. त्या म्हणाल्या, "आमी काही निवडून नेत नाई. जे डब्यात पडते ते नेतो."

सरांना हा न्यायाचा प्रश्न वाटला. त्यांनी ठरवलं की दर रविवारी सकाळी अख्खा कट्टा ताडपत्रीवर ओतायचा, हातानं सारखा करायचा आणि मग पुन्हा भरायचा. ताडपत्री माझ्या दारात. माझे रविवार असे गेले की मला बाहेर पडायचं तर तांदळावरून उडी मारावी लागायची. पाच घरच्या बायका भोवती बसून एकमेकींच्या डब्यांकडे बघायच्या. सर मध्ये उभे राहून समान वाटपाबद्दल बोलायचे. पावसाळ्यात तांदळात सोंडकिडे झाले. डाळीला बुरशीचा वास लागला. एकेक घर गळत गेलं. शेवटी कंपाउंडरची बायको आपला डबा परत न्यायला आली तेव्हा म्हणाली, "सर, पाच टक्के जाते त जाऊ द्या. डोस्क्याले ताप नोको."

सरांना ते लागलं. दोन दिवस ते ओसरीत आले नाहीत. पण याडीचा वाटा त्यांनी बंद केला नाही. मी आर्णीत होते तोवर दर आठवड्याला त्यांची स्कूटर तांड्याकडे जायची, डबे वाजवत. तिथं जाऊन ते आता हिशेब सांगत नाहीत, नुसता डबा ठेवून येतात, असं काकू म्हणाल्या.

मग आली विम्याची गोष्ट. निवृत्तीनंतर सरांनी दोघांचा आरोग्य विमा काढला होता आणि दरवर्षी निमूट भरला होता. त्या वर्षी हप्ता वाढून आला. वय वाढलं म्हणून वाढला, ते त्यांना मान्य होतं. पण त्याच्यावर शेकडा अठरा कर होता. तो आधीही असणार, त्यांनी कधी पाहिला नव्हता. आता पाहिला.

एजंट त्यांचाच विद्यार्थी होता. तो घरी आला. सर त्याला म्हणाले, "आजारी पडाची भीती वाटते म्हणून माणूस पैसे भरते. त्या भीतीवरबी कर लावते काय?"

"सर, ते माह्या हातात हाय काय?" एजंट म्हणाला.

"तुह्या हातात नाई. पण भराचं का नाई ते माह्या हातात हाय."

काकू त्या दिवशी माझ्या खोलीत आल्या. फार क्वचित यायच्या. म्हणाल्या, "तुमचं ऐकते ते. तुमी सांगून पाहा." माझं ऐकत नव्हते, पण मी गेले. म्हटलं, "सर, गव्हाचं ठीक आहे. पाकीट नाही घेतलं तर सुटं मिळतं. विमा सुटा मिळत नाही. तुम्ही भरला नाही तर सरकारला काही कळणारसुद्धा नाही. त्रास झाला तर तुम्हा दोघांनाच होईल."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "मॅडम, गांधीबाबानं मीठ उचललं तवा बी लोक असंच म्हणत असन."

मी उठून आले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी स्वतःला कितव्यांदा सांगितलं कोण जाणे. मुदत गेली, वर जास्तीचे दिवस देतात तेही गेले. विमा बंद पडला. काकूंनी त्या दिवशी स्वयंपाक केला, वाढलं, आणि त्या सरांशी आठवडाभर बोलल्या नाहीत. सरांच्या ते उशिरा लक्षात आलं.

हिवाळ्यात काकू पडल्या. सकाळी दळण घेऊन चक्कीवर गेल्या होत्या. चक्कीच्या पायरीवर पिठाचा थर असतो, त्यावर दव पडलेलं. पीठ घेऊन उतरताना डब्यासकट घसरल्या. मी कॉलेजला निघाले होते, रस्त्यातच कळलं. पोचले तेव्हा त्या पायरीशी पडून होत्या, अंगावर, केसांवर सगळं पीठ सांडलेलं, आणि चक्कीवाल्याला सांगत होत्या, "डबा पाहा बाप्पा कोठी गेला. डबा चांगला हाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. आर्णीत इलाज नव्हता, यवतमाळला नेलं. खासगी दवाखाना. सरकारीत नेऊ असं सर म्हणाले नाहीत; ॲम्ब्युलन्समध्ये काकूंचा हात धरून बसले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मुदत ठेव मोडायला लागली. ती वरच्या मजल्यावर दोन खोल्या बांधायला ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीशी लांब रांग होती. ऑपरेशनसाठी लागणारं सामान तिथूनच घ्यायचं होतं. मी जिन्यावरून उतरले तर सर खिडकीत वाकून उभे, हातात बिल, चष्मा कपाळावर. आतल्या माणसाला विचारत होते, "या पट्टीवर वेगळा कर अन इंजेक्शनवर वेगळा, असं काहून?"

आतला माणूस म्हणाला, "काका, कॉम्प्युटरमधून येते ते."

"कॉम्प्युटरले कोण सांगते?"

मागचे लोक कुरकुरायला लागले होते. वर नर्स सामानाची वाट बघत होती, तिनंच मला खाली पाठवलं होतं. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मला पुस्तकी बोलायची सवय लागली आहे, पण चिडले की बाभुळगावची बोली परत येते. मी म्हटलं, "सर, काकू तठी टेबलावर पडून हाय. तुमी अठी काय करून राह्यले? भरा ते पैसे."

एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं, आणि पैसे खिडकीत सरकवले. सुटे परत घ्यायचे विसरले. ते मागच्या बाईनं हाक मारून दिले. मग वर जाऊन बाकावर बसले. ऑपरेशन संपेपर्यंत बसून होते. मी चहा आणला, तो घेतला नाही. एकदाच म्हणाले, "मी चक्कीवर कधीच गेलो नाई, मॅडम. आजवर एकदाबी."

मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मला दिसत होतं ते फक्त चक्कीच्या पायरीवरचं पीठ.

काकू वॉकर घेऊन घरी आल्या. तीन महिने जास्त हालचाल नको, वाकायचं नाही, ओझं नाही. सरांनी मला सांगितलं की स्वयंपाकाचं मी पाहतो. कामाला बाई लावायला मी सुचवलं, त्यांनी लावली, ती भांडी-धुणं करायची. पण धान्याचं काम तिनं नाकारलं. तिला पाकिटाची सवय होती. तिनं सांगितलं, "खडे निवडाचे त येगळे पैसे."

मग सर निवडायला बसले. मागच्या ओसरीत सूप घेऊन, चष्मा नाकावर, तुरीच्या डाळीत बोटं घालून. त्यांना माती आणि डाळीचा फरक दिसायचा नाही. पहिल्या दिवशी तासाभरात वाटीभर डाळ निवडून झाली. दळणाला गेले तर रांगेत दोन तास, मध्येच लाइट गेली, परत आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. दही विरजलं ते आंबलं. डबे धुतले, वाळवायला उलटे ठेवले, रात्री पुन्हा भरायला घेतले तर एकात पाणी राहिलेलं, गूळ ओला झाला.

दोनेक आठवड्यांनी मी कॉलेजातून येत होते. ते ओसरीत बसले होते, सूप मांडीवर. मला थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, हे रोजचंच असते काय?"

"रोजचंच असतं, सर."

"म्हणजे इतके दिवस..." आत काकू पलंगावर जाग्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कामवाल्या बाईला पैसे दिले आणि कोपऱ्यावरून आट्याचं पाकीट आणवलं. पाच किलोचं, छापील. स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल असं ओट्यावर उभं केलं आणि बाईकडूनच पोळ्या करून घेतल्या. सर जेवायला बसले. पोळीकडे पाहिलं. काकू वॉकरला धरून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ज्याले नाई खावाची त्यानं भात खावा."

सरांनी दोन दिवस भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी पोळी घेतली. बेसनाची आंघोळ मात्र चालूच राहिली. त्याबद्दल काकूंचं काही म्हणणं नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता कर कमी झाल्याची बातमी आली. साबण, तेल, बिस्किटं, कितीतरी गोष्टींवरचा कमी झाला. विम्याच्या हप्त्यावरचा तर पूर्ण गेला. सर पेपर घेऊन माझ्या दारात आले. मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. "पाहा," ते म्हणाले. "म्या म्हणलं होतं का नाई? भीतीवर कर लावता येत नाई. काढावा लागला."

चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू दिल्लीत जाऊन त्यांनीच तो काढून घेतला होता. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येत नाही. या माणसानं त्या करापायी विमा सोडला, मुदत ठेव मोडली, बायको कितीतरी महिने वॉकरवर, आणि तो माझ्यासमोर उभा राहून विजय साजरा करत होता. मी म्हटलं, "छान झालं, सर," आणि पुढचा पेपर ओढला.

त्याच संध्याकाळी त्यांनी एजंटला बोलावलं. काकू आता काठीवर चालत होत्या, त्या पलीकडे खुर्चीत बसल्या. मला काकूंनीच हाक मारली, बहुधा साक्षीदार म्हणून. एजंटनं मोबाइलवर हिशेब केला. जुना विमा तुटलेला, त्यामुळे सगळं नव्यानं. वय वाढलेलं. काकूंच्या खुब्याचं आधीचं दुखणं म्हणून त्याला पहिली काही वर्षं काही मिळणार नाही. कर शून्य. एजंटनं शून्य मोठ्यानं वाचलं, सरांना आवडेल म्हणून. मग एकूण रक्कम वाचली. ती जुन्या, करासकट रकमेपेक्षा बरीच जास्त होती.

सरांनी त्याचा मोबाइल हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. मी मनात तयार झाले की आता हा माणूस पुन्हा काहीतरी काढणार, एजंट परत जाणार, आणि मला पुन्हा कोणाची तरी समजूत घालायला लागणार.

"हिची काढ," ते म्हणाले.

"अन तुमची, सर?"

"माही नोको. मी एकटा असा किती आजारी पडन."

काकूंनी काठी जमिनीवर टेकवली. "दोघाइची काढा बाप्पा," त्या एजंटला म्हणाल्या. "हे पडले त यायले उचलाले मले आता होणार नाई."

एजंट हसला नाही. त्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, कागद जवळ घेतला, आणि जिथं जिथं त्यानं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. मग उठले. "बस," एजंटला म्हणाले, "च्या पिऊन जाय. मी करतो."

ते आत गेले. भांड्यांचे आवाज आले, काहीतरी पडलं, गॅस दोनदा विझला. एजंट कागद गोळा करत होता. काकू माझ्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पत्ती लय टाकते ते. कडू होते. तोंड वाकडं करू नोका. पिऊन घ्या."

चहा आला. कडू होता. मी सगळा प्याले.